पावणेअकराची नळी

झरीच्या चतुराबाईला बंदूक चालवता येते, हे पंचक्रोशीत ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. तिची काळी जमीन दुधनेच्या काठाला लागून होती. नदीच्या अंगानं बाभळीचं आणि शिंदीचं दाट रान, आणि त्यात रानडुकरांचे कळप. ज्वारी हुरड्यात आली की डुकरं रात्रभर पिकात लोळायची आणि दिवस उगवायच्या सुमाराला परत रानात शिरायची. नवरा चंद्रभान होता तोवर बंदूक तो धरायचा. पटकीच्या साथीत तो गेला. एकुलती लेक सासरी नांदत होती. मग त्याची ठासणीची बंदूक चतुराबाईनं खुंटीवरून काढली, तालुकदार कचेरीतून परवाना आपल्या नावावर करून घेतला, आणि आजूबाजूचे लहान शेतकरीही डुकरं आली की तिच्याच दारात येऊन उभे राहू लागले.

नेम धरायला तिला थोरल्या भावानं शिकवलं होतं. माहेर पोखर्णीचं, भावाचं नाव बन्सीधर. ती बारा वर्षांची असताना त्यानं एकदा गमतीनं बंदुकीत दारू जास्त ठासली आणि बार काढायला तिच्या हातात दिली. दणक्यानं तिच्या उजव्या खांद्याचं, गळ्याजवळचं हाड मोडलं. वडील तापट होते. माचणीवरून पडले, एवढंच तिनं घरात सांगितलं आणि वैदू हाड ओढत होता तेव्हाही शब्द फिरवला नाही. बन्सीधरचा मार वाचला. हाड जुळलं ते जरा वाकडंच. पण त्या दिवसापासून भाऊ तिच्यावर जीव टाकू लागला, आणि तिचाही त्याच्यावर असा भरवसा बसला की नवरा गेल्यावर वाटणीचं, लेकीच्या लग्नाचं, सगळं तिनं दादाला विचारूनच केलं.

ठासणीच्या बंदुकीत एकच बार. धूर निवळेपर्यंत डुक्कर एक तर पळालेलं असायचं, नाही तर अंगावर आलेलं. चंद्रभाननं मरायच्या आधी एका रोहिल्या जमादाराकडून एक जर्मन रायफल घेतली होती. तिची नळी गंजून गेली होती, पण मागचा खटका आणि बाकीचं लोखंड शाबूत होतं. बन्सीधर म्हणाला, हैदराबादला एक उस्ताद आहे, तो याच लोखंडावर नवी नळी आणि नवा दस्ता चढवून देईल. चतुराबाईच्या मनात ते भरलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट.

वैशाखात शेतात काम नव्हतं तेव्हा बहीणभाऊ परभणीहून गाडीनं हैदराबादला गेले. उस्ताद म्हातारा होता, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्यानं रायफल उलगडून पाहिली, खटका मागेपुढे केला आणि सगळ्यात आधी विचारलं की काडतूस कोणतं वापरणार. नळी आतून त्याच मापाची करावी लागते, एकदा केली की दुसरं काडतूस तिच्यात चालत नाही. म्हणून हे आधी ठरवायचं, मग बाकीचं.

त्यानं फळीवर काडतुसं उभी केली. एक सात मिलिमीटरचं, बारीक आणि लांब. दुसरं पावणेअकराचं, अंगठ्याएवढं जाड. मधल्या मापाची आणखी दोन होती, पण त्यांची काडतुसं बाजारात कधी मिळतात कधी नाही, असं तोच म्हणाला, म्हणून ती बाजूला पडली. उरली ही दोन.

बन्सीधरनं लगेच जाड काडतूस उचललं. डुक्कर आहे, हरीण नाही, असं त्याचं म्हणणं. एकदा बसलं की जागेवर बसलं पाहिजे. उस्तादानं मान हलवली, पण त्यानं चतुराबाईला विचारलं, चालवणार कोण. ती म्हणाली, मी. मग तो दुसऱ्या दिवशी दोघांना शहराबाहेर एका दगडाच्या खाणीत घेऊन गेला. बरोबर दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या दोन तयार रायफली होत्या, एक सातची आणि एक पावणेअकराची.

सातचे बार तिनं काढले आणि समोरच्या मडक्यांचे तुकडे उडाले. दणका होता, पण खांद्यावर कुणी थाप मारावी तेवढाच. मग तिनं पावणेअकरा उचलली. पहिल्याच बाराला जुन्या हाडातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं रायफल खाली ठेवली, पदरानं घाम पुसला आणि उस्तादाला विचारलं, सातची गोळी डुकराला पुरते का. त्यानं सांगितलं की पुढच्या पायाच्या मागं नीट बसली तर मोठ्या नरालाही पुरते. वाघ मारायचा असेल तर मात्र सात नको.

"मला वाघ मारायचा न्हाई," ती म्हणाली. "सातच करा."

बन्सीधर गाडीत बसेपर्यंत तिची समजूत घालत होता. सवय होईल, हात बसेल, मोठी वस्तू घरात असलेली बरी. तिनं एकदाच सांगितलं की दादा, हाड माझं हाय. त्यानं हसून विषय सोडला. उस्तादानं शिंप्यासारखी तिची मापं घेतली होती, हाताची लांबी, खांदा, गालाची उंची. तिच्या बेतानं दस्ता आखूड करायचा होता आणि रायफल वजनाला हलकी ठेवायची होती. दसऱ्याला घेऊन जा, असं त्यानं सांगितलं.

दसऱ्याला पेरणीची धांदल होती. बन्सीधर म्हणाला, तू कशाला येतीस, मी आणतो. तो गेला आणि आठवड्यानं रायफल घेऊन झरीला आला. अक्रोडाचा दस्ता तिच्या हातात असा बसला की जणू हातच वाढला. मग त्यानं काडतुसांचा पुडा सोडला. आत अंगठ्याएवढी जाड काडतुसं होती.

तिनं विचारलं, हे काय. तो म्हणाला, सातच्या नळ्या आल्याच नाहीत. जर्मनीहून माल बंद आहे, कधी येईल सांगता येत नाही. उस्तादाकडं हीच एक नळी होती, तीही दुसरा कुणी उचलणार होता. मग मीच म्हटलं की बसवा, नाही तर यंदाचं पीक डुकरांच्या तोंडी जाईल. हे सांगताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाईट वाटलं, पण शंकेचा लवलेश मनात आला नाही. उलट भावानं आपल्यासाठी एवढी धावपळ केली याचं तिला ओझं वाटलं. त्या संध्याकाळी तिनं त्याच्यासाठी पुरण शिजवलं.

दिवाळीनंतर ती रोज नदीकडं जाऊन सराव करू लागली. रायफल तिच्यासाठी हलकी केलेली, आणि हलक्या रायफलीचा दणका जास्त बसतो. चोळीखाली जुन्या लुगड्याची घडी घातली तरी खांदा काळानिळा पडायचा. काही दिवसांनी तिच्या ध्यानात आलं की चाप ओढायच्या आधीच आपले डोळे मिटतात आणि नळी खाली जाते. जिचा नेम झरीत कुणी चुकलेला पाहिला नव्हता, तिची गोळी आता मातीत जाऊ लागली. एकदा बन्सीधर आला होता, त्यानं हे पाहिलं आणि म्हणाला, जमत नसेल तर माझ्याकडं ठेव, तुला ठासणीचीच बरी. ती म्हणाली, जमेल.

पौषात ज्वारी हुरड्यात आली आणि कळप उतरला. लिंबाजी तिचा सालगडी, चंद्रभानच्या वेळेपासूनचा. दिवस उगवताना डुकरं ज्या वाटेनं परत जातात त्या वाटेवर चतुराबाई बांधाआड बसली आणि लिंबाजी पलीकडून कळप हाकत आला. पुढं माद्या, पिल्लं, आणि सगळ्यात मागं सुळेवाला नर. तो बांधापासून तीस पावलांवर आडवा आला. याहून सोपा नेम तिला आयुष्यात मिळाला नव्हता. तिनं चाप ओढला, डोळे मिटले, आणि गोळी डुकराच्या पायांपुढची माती उडवून गेली.

नर वळला तो थेट लिंबाजीवर. हाकाटी करत तो पिकाच्या बाहेर आला होता आणि त्याच्या हातात नुसती काठी होती. दुसरं काडतूस भरून चतुराबाई उठेपर्यंत डुकरानं त्याची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली होती. मग ते रानात निघून गेलं. लिंबाजी वाटेवर पडून दोन्ही हातांनी मांडी आवळत होता.

लिंबाजीची बायको कस्तुराबाई धावत आली. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग चतुराबाईच्या हातातल्या रायफलीकडं. परभणीच्या डॉक्टरनं टाके घातले, पण आतली शीर तुटली आहे, पाय वाचवायचा तर हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगितलं. गावात लोक दबक्या आवाजात बोलायला लागले की बाईमाणसानं ठासणीची धरावी, रायफल हे पुरुषाचं काम.

बन्सीधर बातमी ऐकून आला. लिंबाजीला भेटला. जाताना चतुराबाईनं स्वतःच रायफल आणि काडतुसांचा पुडा त्याच्या छकड्यात ठेवला. ती म्हणाली, मला ही डोळ्यापुढं नको. त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. चिठ्ठी कचेरीत दे, माझं नाव तुझ्या परवान्यावर जोडून घेतो, असं म्हणून तो गेला.

लिंबाजीला आणि कस्तुराबाईला घेऊन ती हैदराबादला गेली. दवाखान्यात त्याला दाखल केलं. तो नीट शुद्धीवर आला, ताप उतरला, तेव्हा एका दुपारी ती उस्तादाच्या गल्लीत गेली. तिला एवढंच विचारायचं होतं की सातच्या नळ्या आल्या का. आल्या असतील तर बदलून घ्यावी, आणि नसतील आल्या तर कधी येतील ते तरी कळावं.

उस्तादानं तिला ओळखलं, बसायला मोढा दिला. प्रश्न ऐकून तो गोंधळला. उठला, मागच्या कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक नळी काढली आणि तिच्यापुढं ठेवली. सातची नळी. वैशाखातच तिच्यासाठी निवडून ठेवलेली, खटक्याच्या मापाला आटे पाडून तयार केलेली.

"बाईसाब, नाली आपीच बदलने को बोले, ऐसा भाईसाब बोले ना," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. तुम्ही गेलात त्यानंतर पंधरवड्यानं तुमचे भाऊ एकटेच परत आले होते. म्हणाले, बहिणीचा विचार बदलला, आता तिला वाघाच्या शिकारीला जायचंय, पावणेअकरा बसवा. मला पटलं नव्हतं. दस्ता एवढा आखूड, रायफल एवढी हलकी, त्यात ही गोळी, खांदा फुटेल, असं मी म्हटलंही. तर ते म्हणाले, दस्त्याचं पुढं बघू.

नळ्या जर्मनीहून आल्या नाहीत, हे खोटं आहे का, असं तिनं विचारलं. नळी तिच्या पुढ्यातच होती. तिनं ती हातात घेतली. तेलानं बोटं माखली तरी ती कितीतरी वेळ तशीच धरून बसली. तिला रडू आलं नाही. पुरण आठवलं. त्या संध्याकाळी त्यानं दोनदा मागून घेतलं होतं.

लिंबाजीपाशी कस्तुराबाईला ठेवून ती निघाली. परभणीला उतरल्यावर झरीची वाट न धरता छकडा करून पोखर्णीला गेली. दिवस कलता होता. बन्सीधर पडवीत बसला होता, मांडीवर रायफल. त्याची बायको विमला ज्वारी पाखडत होती. चतुराबाईची नजर आधी दस्त्यावर गेली. दस्त्याच्या मागं दोन बोटं जाडीचा नवा लाकडी तुकडा बसवलेला होता. त्याच्या हाताच्या मापाचा. गावच्या सुतारानं बसवलेला, म्हणून रंग जुळला नव्हता.

विमलानं पाणी आणलं. ते न घेता चतुराबाईनं विचारलं, "दादा, सातची नळी उस्तादाच्या कपाटात काय करायलीय?"

बन्सीधरनं आधी उस्ताद खोटं बोलतो असं म्हणून पाहिलं. मग म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच केलं. ती उभीच राहिली. विमलाचं सूप थांबलं होतं. शेवटी त्यानं रायफल बाजूला ठेवली आणि खाली मान घालून खरं सांगितलं. एका जहागीरदाराची मंडळी चैत्रात किनवटच्या जंगलात वाघाला जाणार होती. तिथं हलकी रायफल घेऊन गेलेल्याला माचाणावर बसवत नाहीत, हाकाऱ्यांत उभं करतात. त्याला माचाणावर बसायचं होतं. आयुष्यात एकदा. स्वतःच्या नावानं परवाना मिळत नव्हता, लोखंडही नव्हतं. तिच्या लोखंडावर, तिच्या कापसाच्या पैशात रायफल होत होती. दोन-चार बार बसले की चतुरा आपणहून सोडून देईल, असा त्याचा हिशोब होता.

"लिंबाजीचं असं होईल हे मला काय ठाऊक," तो म्हणाला.

"हाड कोणतं मोडलंय ते ठाऊक व्हतं ना?"

त्याचा हात बाजूच्या रायफलीवर गेला.

"तुला पायजे व्हती तर मागायची," चतुराबाई म्हणाली. "मी दिली असती."

खरोखरच तिनं दिली असती हे त्या घरातल्या तिघांनाही कळत होतं. तिनं वाकून रायफल उचलली. तेव्हा त्यानं तिचा हात धरला. म्हणाला, चैत्रापर्यंत राहू दे, जहागीरदाराला शब्द दिलाय, मग तुझ्या दारात आणून टाकतो. तिनं हात सोडवून घेतला. तो विनवत होता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. लिंबाजीचा पाय अजून दवाखान्यात बांधलेला होता आणि याच्या डोळ्यांत अजून माचाण होतं.

ती हैदराबादला परत गेल्यावर उस्तादानं सातची नळी चढवली, दस्त्याचा वाढवलेला तुकडा काढला. माघात ती रायफल घरी आणून तिनं पहिला बार काढला. दणका तसाच, थाप मारल्यासारखा. पण डोळे मिटले, नळी खाली गेली, गोळी मातीत. दुसरी तशीच. हाड दुखत नव्हतं, तरी अंग आधीच चोरून घेत होतं. नळी बदलूनही बन्सीधरनं जे केलं ते अंगात राहिलंच होतं. त्या दिवशी ती बांधावर बसून रडली.

लिंबाजी उन्हाळ्यात परतला. पाय वाचला, पण गुडघा वळत नव्हता, काठीशिवाय चालणं नाही. चतुराबाईनं त्याला आणि कस्तुराबाईला बसवून सगळं सांगितलं, नळीचं, भावाचं, डोळे मिटण्याचं. म्हणाली, चूक माझ्या हातून झाली हे खरंच हाय. लिंबाजीनं काठी बाजूला ठेवली.

"अक्का, बसल्या जागी मला आता दुसरं काय काम हाय," तो म्हणाला. "काडतुसं मी भरून देतो."

मग ते दोघं रोज नदीकडं जात. तो रायफल तिच्याकडं पाठ करून भरायचा. कधी खरं काडतूस, कधी वाजलेलं रिकामं टरफल. कोणतं ते तिला सांगायचा नाही. रिकामं असलं की चापाचा नुसता आवाज व्हायचा आणि नळी किती हलली ते दोघांनाही दिसायचं. सुरुवातीला ती दर वेळी हलायची. "हालली," एवढंच लिंबाजी म्हणायचा आणि पुन्हा पाठ करायचा. आषाढापर्यंत ती रोज हलत होती. पेरण्या झाल्या, मूग निघाले, आणि हळूहळू लिंबाजीनं "हालली" म्हणायचं कमी झालं.

पुढच्या पौषात त्याच वाटेवर तिनं दोन नर पाडले, पुढच्या पायाच्या मागं एकेक गोळी. कस्तुराबाईनं त्या दिवशी तिच्या हातात ज्वारीचा हुरडा ठेवला आणि शेजारी बसली. वर्षभरात पहिल्यांदा.

किनवटची शिकार बन्सीधरशिवायच झाली होती. त्या पौषाच्या आधी दिवाळीत तो विमलाला घेऊन झरीला आला, भाऊबीजेला. चतुराबाईनं पाट मांडला, ओवाळलं, जेवायला वाढलं. कमी काहीच केलं नाही. जेवताना त्यानं रायफल कशी काय आहे असं विचारलं.

"बरी हाय," ती म्हणाली. "तुमी भात घ्या."

बन्सीधरचा घास हातातच राहिला. जन्मात तिनं त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. नंतर मागच्या दारी भांडी घासताना विमलानं हळूच विचारलं, वन्सं, दादाला 'तुमी' कधीपासून म्हणायलात.

चतुराबाईनं राखेनं माखलेला तांब्या पालथा घातला.

"वयानं मोठे हायत," ती म्हणाली.